एका कान्याचा फरक

मुलांनो, तुमच्या उर्दूच्या पुस्तकात 'दर्या' हा शब्द तुम्ही अनेकदा वाचला असेल. उर्दूत दर्या म्हणजे नदी. मराठीतही 'दर्या' हा शब्द आहे. पण मराठीत दर्या म्हणजे समुद्र. शब्द एकच. तो फारसीतून दोन्ही भाषांत आला आणि एकीत नदी झाला, दुसरीत समुद्र.

एकदा नववीच्या वर्गात मी हे सांगत होतो. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, तुम्ही मराठीतला दर्या पाहिला आहे का?"

मी म्हणालो, "नाही, अजून पाहिला नाही."

सारा वर्ग हसला. मलाही हसू आले. मी मराठीबरोबर भूगोलही शिकवतो. भरती-ओहोटीची आकृती मी फळ्यावर कितीतरी वेळा काढली होती. पण समुद्र मात्र पाहिला नव्हता. आपले कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात. येथून मुंबई सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर. आपण पाणी पाहतो ते अडाण धरणाचे, नाहीतर पावसाळ्यात भरलेल्या नाल्याचे. तसे पाहिले तर आपल्या भागातला कापूस आपल्या आधी समुद्रावर जाऊन आला. इंग्रजांच्या काळात तो शकुंतला रेल्वेच्या छोट्या डब्यांतून मूर्तिजापूरला जाई, तेथून मोठ्या गाडीने मुंबई बंदरात आणि बंदरातून जहाजाने विलायतेला. ती छोटी रेल्वे आता बंद पडली आहे.

'बंदर' या शब्दालाही वर्ग हसला होता. उर्दूत तुम्ही बंदर म्हणता ते माकडाला. मराठीत बंदर म्हणजे जहाजे लागण्याची जागा, तुमचे 'बंदरगाह'. असे शब्द समजले तर गंमत वाटते, न समजले तर घोटाळा होतो. असाच एक घोटाळा माझ्या हातून झाला. तो मी आज तुम्हांला सांगणार आहे.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या शाळेची सहल मुंबईला गेली. आम्ही तीन शिक्षक आणि चाळीस विद्यार्थी. मूर्तिजापूरपर्यंत एस.टी. आणि पुढे रात्रीची रेल्वे. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो आणि त्याच दिवशी संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर गेलो.

पहिल्यांदा समुद्र पाहिला, तेव्हा मला काय वाटले ते सांगू? मला वाटले, हे पाणी उभे आहे. दूरवर आकाशाला टेकलेली एक निळसर भिंत दिसत होती आणि ती पुढे येते आहे असा भास होत होता. मुले आधी गप्प झाली. मग एक जण धावला आणि त्याच्यामागे सगळे धावले. पायाखालची वाळू लाटेबरोबर सरकली, की मुले ओरडत आणि एकमेकांचे हात धरत. उर्दूत लाटेला 'मौज' म्हणतात. मराठीत मौज म्हणजे मजा. त्या संध्याकाळी दोन्ही अर्थ खरे होते.

चौपाटीवर मी एका बाजूला बसून माणसे पाहू लागलो. एक कुटुंब घरून चटई आणि डबा घेऊन आले होते. आजी चटईवर बसली होती आणि नातू तिच्या पायांवर वाळू रचत होता. कॉलेजची मुले भेळ खात होती. एक गृहस्थ चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेकडेने एकटेच चालत होते. दिवसभराचा थकवा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. बुरखा घातलेल्या दोन बहिणी कुल्फीवाल्याशी घासाघीस करत होत्या. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू अशा सगळ्या भाषा वाऱ्यावर मिसळत होत्या. मुंबईत घरे लहान असतात. आपल्याकडे घरापुढे अंगण असते, बाज टाकायला जागा असते. तेथे ती नाही. म्हणून समुद्राचा किनारा हेच साऱ्या शहराचे अंगण झाले आहे. या अंगणात यायला तिकीट लागत नाही.

याच चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचे निधन झाले आणि त्यांच्यावर याच वाळूत अंत्यसंस्कार झाले. गणेशोत्सवात येथेच मूर्तींचे विसर्जन होते. म्हणजे हा किनारा केवळ भेळ खाण्याची जागा नाही. शहराच्या सुखदुःखाची गर्दी येथेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही हाजी अली दर्ग्याला गेलो. वरळीच्या किनाऱ्याजवळ, समुद्रातल्या एका खडकावर पीर हाजी अली शाह बुखारी यांचा हा दर्गा आहे. किनाऱ्यापासून तेथपर्यंत पाण्यातून एक सखल रस्ता जातो. दोन्ही बाजूंना पाणी उसळत होते आणि तुषार अंगावर येत होते. फुलांच्या दुकानदाराने सांगितले, "आत्ता पूर्ण भरती आहे. मोठ्या भरतीला हा रस्ताच पाण्याखाली जातो. मग लोक इकडे थांबतात. जो-तो पाणी बघूनच निघतो."

आम्ही जाऊन फातेहा पढलो आणि परत आलो. दुकानदाराचे ते वाक्य माझ्या कानांवर पडले होते. मनात मात्र उतरले नव्हते. सकाळी नऊला भरती, तर दुपारी तीनला ओहोटी आणि रात्री नऊला पुन्हा भरती. हा हिशेब मी वर्गात शिकवतो. पण त्या दिवशी माझ्या हातात सहलीचा कागद होता. त्यावर लिहिले होते, 'वांद्रे, दुपारी साडेतीन ते साडेपाच.' मी कागद पाहत होतो. पाणी पाहत नव्हतो.

साडेतीनला आम्ही वांद्र्याच्या बँडस्टँडला पोहोचलो. तेथे चौपाटीसारखी वाळू नाही. काळे खडक आहेत, पसरट, खाचखळग्यांचे. पाणी खूप मागे गेले होते. खडकांवर दूरपर्यंत माणसे बसली होती. मुलांनी विचारले, "सर, जाऊ?" मी म्हणालो, "जा, पण फार पुढे नको." 'फार पुढे' म्हणजे किती, ते मलाही ठाऊक नव्हते.

खडकांवर एक वयस्क कोळीण वाकून काम करत होती. साडीचा काष्टा घट्ट खोचलेला, हातात लोखंडी आकडी, शेजारी टोपली. ती खडकांना चिकटलेली कालवे काढत होती. कालव म्हणजे शिंपल्यातला एक जीव. कोळी लोक तो खातात आणि विकतातही. मी जवळ जाऊन विचारले, "मावशी, रोज येता का?"

"रोज कशी येणार? पाणी जाईल तेव्हा यायचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठले, मास्तर?"

"आम्ही कारंज्याचे."

त्यांचा चेहरा एकदम फुलला. "करंज्याचे? अहो, माझं माहेर करंज्याचं! मग तुम्हाला पाण्याचं काय सांगायचं!" आणि त्या भराभर बोलू लागल्या. त्यांची बोली मला नवी होती. अर्धे शब्द वाऱ्याने नेले. "पाणी उधाणावर चाललंय" एवढे एक वाक्य मला ऐकू आले.

मुलांनो, आता घोटाळा नीट समजून घ्या. मुंबईसमोर, पाण्याच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यात उरणजवळ 'करंजा' नावाचे गाव आहे. तेथे कोळ्यांची मोठी वस्ती आहे, बंदर आहे. मी म्हणालो 'कारंजा', मावशींनी ऐकले 'करंजा'. मराठीत हा एका कान्याचा फरक. उर्दूत लिहिले तर एका अलिफचा.

मावशींचा गैरसमज झाला, हे माझ्या ध्यानात आले. एक वाक्य बोलायचे होते: "मावशी, आमचे कारंजा वाशीमचे. तेथे समुद्र नाही." पण मुले पुढे चालली होती, मला त्यांचे फोटो काढायचे होते. शिवाय, खरे सांगतो, आपण मराठीचे शिक्षक असून आपल्याला मावशींचे मराठी नीट समजले नाही, हे कबूल करायची मला लाज वाटली. 'उधाण' हा शब्द मी फळ्यावर शंभर वेळा लिहिला असेन. 'उत्साहाला उधाण आले' असे वाक्य तुमच्याकडून करून घेतले असेल. पण उधाण ही खरोखरची एक भरती असते आणि त्या बाई मला तिच्याबद्दलच सावध करत आहेत, हे मला समजले नाही. मी मान हलवली आणि म्हणालो, "हो, हो."

पाच वाजायला आले. मावशींनी टोपली उचलली आणि लांबूनच मला सांगितले, "मास्तर, पाणी भरतंय. मी निघाले." मी समोर पाहिले. समुद्र अजून दूर दिसत होता. मी हात हलवून म्हणालो, "हो, निघतोच."

त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे गेली असतील. मी शिट्टी वाजवली. मुले परत येऊ लागली. किनाऱ्याच्या कठड्याजवळ रांग लावून मी मोजले. सदतीस झाले. पुन्हा मोजले. पुन्हा सदतीसच.

तीन मुले दूरच्या एका उंच खडकावर उभी होती. ती समुद्राकडे तोंड करून फोटो काढत होती. आणि त्यांच्या मागे, त्यांच्या आणि आमच्या मध्ये, जेथे तासापूर्वी कोरडी घळ होती, तेथे पाणी भरले होते. समुद्र समोरून येतो असे आपल्याला वाटते. खडकाळ किनाऱ्यावर तो बाजूच्या सखल जागांतून शिरतो आणि आपल्या पाठीमागे येऊन उभा राहतो.

मी ओरडलो. मुलांनी वळून पाहिले आणि ती घाबरली. तिघांपैकी एकालाही पोहता येत नव्हते. एक जण उडी मारायच्या बेतात होता. तेवढ्यात माझ्या मागून खणखणीत आवाज आला, "उडी मारू नको! बस खाली!"

मावशी परत आल्या होत्या. त्यांनी टोपली खडकावर ठेवली आणि त्या सरळ पाण्यात उतरल्या. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत आले. त्या सरळ रेषेत गेल्या नाहीत. आधी डावीकडे गेल्या, मग थोड्या मागे वळल्या, मग पुढे. पाण्याखाली उंच खडक कोठे आहे, हे त्यांच्या पायांना माहीत होते. मी त्यांच्या मागोमाग उतरलो. खडकांवर शेवाळ होते आणि पाय टिकत नव्हता. प्रत्येक लाट ढकलत होती आणि परत जाताना ओढत होती. मावशींनी मला मध्येच थांबवले. "मास्तर, तुम्ही इथंच राहा. हलू नका. मी एकेक पोर आणते, तुम्ही पुढच्याच्या हाती द्या." माझ्यामागे दोन अनोळखी तरुण येऊन उभे राहिले होते.

अशी हातांची साखळी करून आम्ही एकेका मुलाला आणले. पाच-सात मिनिटेच लागली असतील. मला तो वेळ फार मोठा वाटला. तिसरा मुलगा हाती आला, तेव्हा त्याचे दात थंडीने आणि भीतीने वाजत होते. तो वर्गात मागच्या बाकावर बसणारा, मला दर्याबद्दल विचारणारा मुलगा होता.

कठड्यावर चढून मी मोजले. चाळीस. मी अल्लाहचे आभार मानले आणि खाली बसलो. माझे पाय थरथरत होते.

मावशींनी मागे वळून पाहिले. त्यांची टोपली जागेवर नव्हती. लाटेने ती नेली होती. दोन-तीन तासांची मेहनत गेली होती. त्या काही बोलल्या नाहीत. पदर पिळत त्यांनी मला एवढेच विचारले, "करंज्याचे ना तुम्ही? मग पाणी कसं कळलं नाही?"

मी म्हणालो, "मावशी, आम्ही वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याचे. आमच्या कारंज्याला समुद्र नाही."

त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तेव्हाच का नाही सांगितलं? मी समजले, आपली माणसं आहेत, पाण्यातली आहेत. नाहीतर तुमची पोरं एवढ्या पुढे जाऊ दिली असती का मी?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

मी खिशातून पैसे काढले आणि सगळेच त्यांच्या पुढे केले. त्यांनी त्यातून तीनशे रुपये मोजून घेतले आणि बाकीचे परत दिले. म्हणाल्या, "कालवांचे घेते. पोरांचे घेत नाही."

मग त्या आमच्याजवळ कठड्यावर बसल्या आणि मुलांना पाण्याचा हिशेब समजावून सांगू लागल्या. या वेळी जे समजले नाही, ते मी पुन्हा पुन्हा विचारले. तो हिशेब तुम्हीही शिकून घ्या.

भरती-ओहोटी प्रामुख्याने चंद्राच्या ओढीने होते. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास लागतात. या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते थोडेच चढते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मधल्या दोन तासांत ते सर्वांत वेगाने चढते. आमची मुले नेमकी त्या वेळेच्या तोंडावर खडकावर होती. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य दोघांची ओढ एकत्र होते. तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. तीच उधाणाची भरती. अष्टमीच्या आसपास भरती लहान असते, तिला भांगाची भरती म्हणतात.

भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत तर अगदी सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या आणि रात्री नऊच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. ही वेळ रोज पाऊण तासाने, थोडी जास्तच, पुढे सरकते. हा हिशेब अंदाजाचा आहे. अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक असते.

एका मुलीने विचारले, "मावशी, आम्हांला तिथी कशी कळणार? आमच्या घरी तर चांदाची तारीख असते."

मावशी म्हणाल्या, "चांद तोच ना?"

मुलांनो, किती सोपे उत्तर! हिजरी महिना अमावास्येनंतर चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो. म्हणून चांदाची तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते. तो दिवस रज्जबची दहावी होता. त्यात दोन मिळवले की द्वादशी. रमजानची आणि ईदची वाट आपण ज्या चंद्राकडे पाहून बघतो, त्याच चंद्राकडे पाहून कोळीही समुद्रात जायचे ठरवतात. मी मागे वळलो. पूर्वेकडच्या इमारतींवर चंद्र आला होता, जवळजवळ पूर्ण. आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून उभे होतो. पाणीही मागून आले होते आणि चंद्रही मागेच होता.

कारंज्याला परतल्यावर मी घडलेले सारे मुख्याध्यापकांना सांगितले. तिन्ही मुलांच्या घरीही स्वतः गेलो. एका मुलाचे वडील माझ्यावर खूप रागावले. ते बरोबर होते. मी माफी मागितली.

तुम्ही कधीतरी समुद्रावर जाल. जरूर जा. वाळूत खेळा, भेळ खा, लाटांत पाय भिजवा. पण पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी, भरती आहे की ओहोटी, हे तेथल्या माणसाला विचारा. मुंबईच्या जुहू, अक्सा, गोराई यांसारख्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. त्यांची शिट्टी आणि लाल झेंडा यांचा मान राखा. अडाण धरणात पोहता येते म्हणून समुद्रात पोहता येईल, असे समजू नका. धरणाचे पाणी लाटेने ओढत नाही. आणि समुद्र ही केवळ पाहण्याची जागा नाही, हेही लक्षात असू द्या. आपला शेतकरी जसा आभाळाकडे पाहून पेरणी करतो, तसे कोळी पाण्याकडे पाहून पोट भरतात. आपण त्यांच्या शेताच्या बांधावर उभे असतो.

एक गोष्ट मात्र समुद्रावर न जाताही करता येईल. वर्गात मी विचारतो, "समजले का?" तुम्ही सगळे एका सुरात म्हणता, "हो सर." त्यांतल्या किती जणांना खरोखर समजलेले असते? मराठी तुमच्या घरची भाषा नाही. एखादा शब्द न समजणे ही लाज नाही. मी तर मराठीचा शिक्षक. तरी वांद्र्याच्या खडकावर मला मराठी समजले नाही आणि मी 'हो' म्हणालो. त्या एका 'हो'ची किंमत तीन मुलांना द्यावी लागली असती.

सहलीनंतरच्या पहिल्याच तासाला मी एक धडा वाचून दाखवला आणि सवयीने विचारले, "समजले का?" नेहमीसारखा सूर उठला, "हो सर." मग मागच्या बाकावरून एक हात हळूच वर आला.

"सर, मला नाही समजले."

त्या दिवशी मी धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवला.